दोर राजी?

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. जुना म्हणजे जुनाट नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. परवाच एका शाळकरी मुलीने माझ्याकडे बोट दाखवून आईला विचारलं, "हा कपडे वाळत घालायचा आहे का गं?" आणि आई चक्क "असेल" म्हणाली. नव्वद हात लांब, मनगटाएवढा जाड, तीन पेडांचा दोर, आणि कपडे वाळत घालायला! असो. माहीत नसलं की माणूस असंच बोलतो, म्हणूनच आज सगळं सांगायला बसलोय.

एका रुंद नदीच्या दोन काठांवर दोन मोठी शहरं आहेत. एक टेकडीवर चढलेलं, ते वरचं शहर. दुसरं बंदराला खेटून बसलेलं, ते खालचं शहर. मधे दगडी पूल. वरच्या शहरात ट्रामा, कारखाने आणि मोठाले दवाखाने आहेत. खालच्या शहरात गोदी, भट्ट्या आणि माशांचा बाजार आहे. वरची माणसं म्हणतात, खालच्यांच्या घड्याळाला भरती-ओहोटी येते, त्यामुळे ती कधीच वेळेवर येत नाहीत. खालची माणसं म्हणतात, वरच्यांना हसायचं असेल तर आधी अर्ज करावा लागतो. आणि गंमत अशी की सकाळी पुलावरून अर्धं खालचं शहर वर कामाला जातं, अर्धं वरचं शहर खाली बाजाराला येतं. वरच्यांचा पाव खालच्या भट्टीत भाजला जातो, खालच्यांची यंत्रं वरच्या कारखान्यात दुरुस्त होतात. एकमेकांवाचून पान हलत नाही, पण कबूल कोण करणार? शेजार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच.

तर या दोन शहरांची दरवर्षी पुलावर रस्सीखेच होते. इकडचे सोळा, तिकडचे सोळा, आणि मधे मी.

माझा जन्म मात्र आनंदाचा नाही. माझ्या आधी दुसरा एक दोर होता. त्याला कुणी नीट तपासत नसे. एका वर्षी ऐन ओढाओढीत तो मधोमध तुटला. दोर तुटला की दोन्हीकडचे लोक एकदम मागे कोसळतात, मित्रांनो. सगळ्यात शेवटी जो उभा असतो, त्याला म्हणतात शेपटाचा गडी. तो दोर कमरेला गुंडाळून पाय रोवून उभा राहतो, त्याला पळता येत नाही. त्या दिवशी खालच्या शहराच्या शेपटाच्या गड्यावर पंधरा माणसं पडली, आणि त्याच्या पाठीमागे पुलाचा लोखंडी खांब होता. तो जगला, पण पुन्हा सरळ चालला नाही. त्याची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. पुढे ती जहाजांची शिडं शिवायला लागली आणि सगळं बंदर तिला शीडमावशी म्हणू लागलं. हे नाव लक्षात ठेवा.

त्या अपघातानंतर दोन्ही शहरांनी मिळून मला वळलं. एक पेड वरच्या शहरातल्या वाखाचा, एक खालच्या शहरातल्या, आणि तिसऱ्यात दोघांचा वाख मिसळलेला. नियमही तेव्हाच ठरले. पहिला नियम, जो हरेल त्याने वर्षभर मला सांभाळायचं. वाऱ्यावर टांगायचं, तेल द्यायचं, ओल लागू द्यायची नाही. हरलेल्याने माझ्याकडे रोज बघावं आणि पुढच्या वर्षी जोर लावावा, असा त्यातला खवचटपणा. दुसरा नियम, ओढण्यापूर्वी दोन्ही शहरांची दोन माणसं माझ्या दोन टोकांकडून निघून, हाताने मला चाचपत मधे येतील. मग पाहुण्या शहराच्या माणसाने मोठ्याने विचारायचं, "दोर राजी?" आणि ज्याच्या घरी मी वर्षभर होतो त्याने उत्तर द्यायचं, "राजी." ते उत्तर मिळेपर्यंत कुणी मला हात लावायचा नाही. आणि दोर खराब निघाला, तर ज्याच्या घरी होता त्याची न ओढता हार.

पहिली बरीच वर्षं मी इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरलो. मग वरच्या शहराला काय साडेसाती लागली कोण जाणे, ते हरतच गेलं. ओळीने नऊ वर्षं. नऊ वर्षं माझा मुक्काम वरच्या शहराच्या ट्राम डेपोत, सामानाच्या कोठीत होता. त्या कोठीचे रखवालदार म्हणजे किल्लीकाका. कमरेला तीस-चाळीस किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळे काका येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. माणूस कमी बोलणारा, पण हात मायेचा. त्यांनी मला खिडकीसमोर दोन खुंट्यांवर टांगलं होतं. दर रविवारी ते मला उतरवत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी चाचपत, जवसाचं तेल देत. त्या काळात आठ वेळा त्यांनी पुलावर "राजी" म्हटलं, आणि आठही वेळा ते अक्षरशः खरं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी ट्राम चालवायची. अंगापिंडाने मजबूत, आवाज खणखणीत. वरच्या शहराच्या संघात शेपटाला तीच उभी राहायची. आई लहानपणीच गेल्यामुळे बापलेकीचं घर दोघांचंच. संध्याकाळी ती ट्राम डेपोत लावायची, कोठीच्या दारात डोकवायची आणि मला म्हणायची, "काय रे पाहुण्या, यंदा जाणार ना?" मी गेलो म्हणजे वरचं शहर जिंकलं, असा त्याचा अर्थ.

नऊ हारींनी वरच्या शहराचं डोकं फिरवलं. खालच्यांची फेरीबोट वरच्या काठाला लागली की मुद्दाम नऊ भोंगे द्यायची. मासळीवाल्या वरच्या गिऱ्हाइकाला आठ मासे मोजून द्यायच्या आणि म्हणायच्या, "नववा तुमच्या दोराला." मग वरच्या शहराने ठरवलं, हरलो तर हरलो, पण दोर कसा ठेवावा हे यांना दाखवून देऊ. वर्गणी काढली आणि डेपोच्या दर्शनी दालनात माझ्यासाठी काचेची पेटी बनवली. सागवानी चौकट, पितळी कुलूप, आतून मखमल. मित्रांनो, इथून माझे वाईट दिवस सुरू झाले, आणि खोटं कशाला सांगू, तेव्हा मी फुलून गेलो होतो.

उद्घाटनाच्या दिवशी मला मिरवत आणलं आणि वाटेत पावसाची सर आली. मी भिजलो. काकांना मला आधी वाळवायचं होतं. पण नगराध्यक्ष घड्याळाकडे बघत थांबले होते, फोटोवाला थांबला होता, बँडवाले थांबले होते. काकांनी मला कोरड्या फडक्याने पुसलं आणि पेटीत वेटोळं घालून ठेवलं. "उद्या सकाळी काढतो," असं ते माझ्या कानाशी पुटपुटले. माझे कान कुठे आहेत ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी शाळेची सहल आली. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाले. मग बाहेरगावचे पाहुणे. एवढ्या सुबक पेटीतून मला उचलून खुंटीवर टांगायचं म्हणजे लोक काय म्हणतील? काका रोज काच पुसायचे, पितळ चमकवायचे, पण कुलूप उघडायचे नाहीत. किल्ली त्यांच्याच कमरेला होती. रविवार येत होते आणि जात होते. बाहेरून सगळे म्हणायचे, काय राखलाय दोर! आणि आत, वेटोळ्याच्या सगळ्यात खालच्या फेऱ्यात, मखमलीला चिकटून माझा एक भाग हळूहळू मऊ पडत होता. मी ओरडलो असतो, पण दोराला ओरडता आलं असतं तर गोष्टच कशाला घडली असती?

स्पर्धेला तीन दिवस उरले तेव्हा काकांनी कुलूप उघडलं. झाकण वर करताच वास आला. काका एक पाऊल मागे सरले. मग त्यांनी मला भराभर उपसून फरशीवर पसरलं आणि बोटं फिरवायला सुरुवात केली. मधल्या खुणेपासून वरच्या शहराच्या बाजूला सहा हातांवर त्यांचा अंगठा माझ्यात रुतला. लोण्यात रुतावा तसा. त्यांनी पीळ जरा उकलून पाहिला. आतला वाख राखाडी होऊन भुगा झाला होता.

ते तिथेच एका पालथ्या खोक्यावर बसले. त्यांच्या किल्ल्यांचा आवाज थांबला होता. मला त्यांची इतकी दया आली की काय सांगू. सांगावं तर न ओढता हार, दहावी हार, आणि तीसुद्धा त्यांच्या हातून. सगळं शहर म्हणणार, नऊ वेळा गडी हरले, दहाव्या वेळी रखवालदाराने हरवलं. न सांगावं तर शेपटाला त्यांची पोर.

 मग काका उठले, कपाटातून लाल सुतळीचा नवा गुंडा आणला आणि त्या मऊ जागेवर घट्ट गुंडाळायला लागले. वीत, दीड वीत, दोन विती. कुणाला शंका नको म्हणून मधल्या खुणेच्या पलीकडच्या बाजूलाही सहा हातांवर तेवढीच सुतळी गुंडाळली. आता ते शोभेचं काम दिसत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती अशी.  मित्रांनो, मला तेव्हा त्यांचा राग आला. नऊ वर्षं ज्या हातांनी मला जपलं, तेच हात माझं दुखणं बांधून लपवत होते.

संध्याकाळी मुलगी आली. सुतळी बघून खूश झाली. "बाबा, नटवलात की याला. सासरी पाठवताय ना यंदा?"

काका म्हणाले, "ऐक. यंदा शेपटाला दुसरं कुणी उभं राहू दे."

"का?"

"तुझी पाठ दुखते म्हणत होतीस."

"ते गेल्या महिन्यात. ट्रामची सीट बदलली, पाठ बरी झाली."

"मग निदान कमरेला गुंडाळू नकोस."

ती हसली. "मग काय, गळ्यात घालू? बाबा, तुम्हाला झालंय काय? यंदा आपली माणसं तयार आहेत. सहा महिने पहाटे उठून सराव केलाय सगळ्यांनी. यंदा नाही झालं ना, तर मीच पुन्हा त्या पुलावरून ट्राम नेणार नाही." आणि तिने मला थोपटलं, नेमकं त्या सुतळीवर. काका दुसरीकडे बघू लागले.

पुढचे दोन दिवस काका संघाच्या म्होरक्याकडे लेकीची जागा बदला म्हणायला गेले, हे मला त्यांच्याच पुटपुटण्यातून कळलं. म्होरक्याने त्यांना उडवून लावलं होतं. पोरीची काळजी आहे तर घरी बसा, असं तो म्हणाला होता. सांगायची वेळ प्रत्येक तासाला येत होती आणि काका प्रत्येक तास पुढे ढकलत होते. खोटं हे असंच असतं. पहिल्या दिवशी ते सोडता येतं, तिसऱ्या दिवशी तेच आपल्याला धरून ठेवतं.

स्पर्धेची सकाळ उजाडली. पूल माणसांनी फुलला होता. कठड्यांवर माणसं, दिव्याच्या खांबांवर माणसं, खाली नदीत होड्या. फेरीबोटीने नऊ भोंगे दिले आणि वरच्या काठावरून शिव्यांचा पाऊस पडला, सगळा प्रेमाचा. मला पुलावर लांबच लांब पसरलं. पंच होते पुलाचे जुने रखवालदार, दोन्ही शहरांचा पगार अर्धा-अर्धा घेणारे, म्हणून निःपक्षपाती. ते मधे उभे राहिले.

माझ्या एका टोकाशी किल्लीकाका वाकले. दुसऱ्या टोकाशी शीडमावशी. साठीच्या पुढची बाई, पांढरे केस करकचून बांधलेले, आणि बोटं अशी की अंधारातही कापडाचा धागा मोजतील. दोघं मला चाचपत मधे येऊ लागले.

नियम असा होता की मधे भेटायचं. पण मावशी दरवर्षी मधे थांबायच्या नाहीत. त्या पुढे सहा-सात हात जायच्या आणि मग परत फिरायच्या. बापाची पाठ त्या विसरल्या नव्हत्या, आणि त्यांना कुणी टोकायचं नाही. काकांना हे माहीत होतं. मला त्यांच्या तळव्याचा घाम कळत होता.

मावशींचा हात आला. खालच्या बाजूची सुतळी लागली, त्यांनी दाबून पाहिली. खाली दोर कडक होता. त्या पुढे सरकल्या. मधली खूण ओलांडली. एक हात, दोन हात, तीन. सहाव्या हातावर काका पोचून थांबले होते, त्यांची मूठ सुतळीवरच होती, जणू दम खायला टेकली होती. मावशी त्यांच्यासमोर आल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी मूठ काढली नाही.

"हात काढा," मावशी हळूच म्हणाल्या.

काकांनी हात काढला. मावशींचा अंगठा सुतळीवर टेकला आणि दबला. बास, एवढंच. लोकांना काही दिसलं नाही. मी मात्र त्या अंगठ्याखाली होतो, आणि तो गार पडल्याचं मला कळलं.

आता त्या ओरडतील, असं मला वाटलं. ओरडल्या असत्या तर खालचं शहर जागच्या जागी जिंकलं असतं. पण त्यांनी मान वळवून वरच्या संघाच्या शेवटी पाहिलं. तिथे काकांची लेक बाह्या सरसावून, पाय आपटून जागा पक्की करत होती.

"शेपटाला तुमचीच पोर ना?" मावशींनी विचारलं. अगदी हळू, फक्त काकांना आणि मला ऐकू येईल असं.

काकांनी मान डोलावली.

मावशी सरळ उभ्या राहिल्या. पदराला हात पुसले. आणि साऱ्या पुलाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "दोर राजी?"

पूल शांत झाला. दरवर्षी या प्रश्नाला लगेच उत्तर यायचं. यंदा येत नव्हतं. एक श्वास गेला, दुसरा गेला. वरच्या संघातून कुणीतरी म्हणालं, "काका, बोला की."  मला तेवढा वेळ वर्षभराएवढा वाटला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, नको म्हणू राजी. माझी लाज जाऊ दे, तुझी जाऊ दे, पण म्हणू नकोस.

"नाही," काका म्हणाले. आवाज फाटला. मग पुन्हा, मोठ्याने, "दोर राजी नाही. आतून कुजलाय. माझ्या हातून कुजलाय. मला तीन दिवसांपासून माहीत होतं."

वरच्या शहराच्या काठावरून एक हुंकार उठला, तो अजून माझ्या अंगावर काटा आणतो. म्होरक्या लालबुंद होऊन धावत आला. त्याच्या आधी लेक पोचली.  तिने खाली बसून नखांनी सुतळी सोडवली, फेरा फेरा उलगडला, आणि अंगठा माझ्यात रोवून पाहिला. मग तिने बापाकडे वर पाहिलं.

"मी शेपटाला आहे हे माहीत असताना?" ती म्हणाली.

"हो," काका म्हणाले.

ती उठली आणि पाठ फिरवून आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. काका पुलाच्या मधोमध एकटे. त्या माणसाच्या खांद्यावर मला हात ठेवायचा होता. नियमाप्रमाणे पंचांनी खालच्या शहराचं निशाण वर केलं. फेरीबोटीचा भोंगा सुरू झाला आणि अर्ध्यातच बंद पडला. खालच्या काठावर कुणीच टाळी वाजवली नाही.

खालच्या संघाचा म्होरक्या गोदीतला मुकादम होता, दाराएवढा रुंद माणूस. तो डोकं खाजवत पुढे आला. "पंच, हे काही खरं नाही. न ओढता जिंकलो म्हणून घरी गेलो तर बायको दारात उभी करायची नाही. सहा महिने ती माझ्या वाटची कामं करतेय."

"नियम आहे," पंच म्हणाले.

"नियम तुमच्या वहीत ठेवा. हार-जीत लिहून टाका काय लिहायची ती. पण आम्ही ओढल्याशिवाय जाणार नाही."

"दोर कुजलाय," पंच म्हणाले.

"दीड हात कुजलाय," मावशी म्हणाल्या. "बाकी जीव धरून आहे, मी बघितलाय. तेवढा काढून सांधते. दोन तास द्या. आणि यांना माझ्यासोबत बसवा."

'यांना' म्हणजे काकांना. कुणाला पटलं नाही, पण मावशींसमोर बोलणार कोण?

पुलाच्या मधोमध गोणपाट अंथरलं. माझा कुजका तुकडा कापला गेला. दुखलं नाही, उलट मोकळं वाटलं. मग दोन्हीकडचे पेड उकलून एकमेकांत ओवायचं काम सुरू झालं. लाकडी टोच्याने मावशी जागा करायच्या, काका पेड ओढून घट्ट करायचे. पाऊण तासात अर्धा सांधा झाला.

"काचेत कोंडलात?" शेवटी मावशींनी विचारलं.

"ओला होता. नगराध्यक्ष थांबले होते."

"माणसं थांबतात हो. ओल थांबत नाही."

काकांनी एक पेड ओढला. "मी राजी म्हणालो असतो तर?"

"तर मी नाही म्हणाले असते. मी काय पोरीला मरू देणार होते? पण मग तुम्हाला जन्मभर तिच्यासमोर बसून जेवता आलं नसतं. म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

काकांनी डोळे पुसले आणि पुढचा पेड घेतला. इकडे ताटकळलेली माणसं कुठे जाणार? खालच्यांच्या पावाच्या गाड्या पुलावर आल्या. वरच्यांनी डेपोतून चहाची पिंपं आणली. पाव खालच्यांचा बरा की चहा वरच्यांचा बरा, यावर भांडण जुंपलं, आणि चहात पाव बुडवून खाता खाता ते चालूच राहिलं.

सांधा झाला. कुजका दीड हात गेला आणि दोन हात सांध्यात खपले, म्हणून मी साडेतीन हातांनी आखूड झालो होतो. मधली खूण नव्याने मोजून बांधली. मावशींनी आणि काकांनी मला पुन्हा एका टोकापासून चाचपलं. दोन्ही संघ जरा अंग चोरून उभे राहिले. नवा सांधा टिकेल का? मला स्वतःलाच खात्री नव्हती, मित्रांनो. तिन्ही पेड धडधडत होते.

काका शेपटापाशी गेले. लेक माझं टोक हातात धरून उभी होती. तिने ते कमरेला गुंडाळलं नव्हतं. सगळे तिची वाट बघत होते. ती बापाकडे न बघता उभी राहिली, आणि मग नियमात नसलेली गोष्ट तिने केली.

"बाबा," ती म्हणाली, "दोर राजी?"

 काका शेपटापासून निघाले, माझ्यावर हात ठेवून, सोळा माणसांच्या मधून वाट काढत सांध्यापर्यंत गेले. सांधा दोन्ही मुठींनी पिळून पाहिला. वाकवून पाहिला. परत चाचपत शेपटापाशी आले.

"राजी," ते म्हणाले.

तिने मला कमरेला गुंडाळलं. एक वेढा, दुसरा वेढा. आणि पाय रोवले.

पंचांची शिट्टी झाली. बत्तीस माणसांचा जोर माझ्या अंगात शिरला. सांधा करकरला. वरचे चार बोटं खेचले गेले, मग खालचे दोन बोटं. कुणी ओरडत नव्हतं, सगळ्यांचे डोळे सांध्यावर. काका कठड्याला धरून उभे होते आणि त्यांच्या किल्ल्या खुळखुळत होत्या. मी सगळे पेड आवळून धरले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असं हट्टी माणसाला चिडवतात, पण त्या दिवशी मी तो हट्ट मनापासून केला. शेपटाकडून एक ओढ आली, सावकाश, न थांबणारी, आणि मधली खूण वरच्या शहराकडे एक हात सरकली.

नऊ हारींनंतर वरचं शहर जिंकलं. लेक गुडघ्यावर बसली होती, मी तिच्या कमरेला. काका आले आणि तिचे वेढे सोडवू लागले. तिने सोडवू दिले. आणि ती उठताना त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

आणि लगेच नवं भांडण. मुकादम म्हणाला, "आम्ही हरलो. दोर आता आमच्याकडे." वरचा म्होरक्या म्हणाला, "वा रे वा. नियमाने सकाळीच आम्ही हरलोय, वहीत लिहिलंय. दोर आमच्याकडेच राहणार." दोन शहरं आयुष्यात पहिल्यांदा 'आम्हीच हरलो' म्हणून भांडत होती. पंचांनी दोन्ही हात जोडले आणि मला उचलून पुलाच्याच मधोमध, त्यांच्या चौकीच्या छपराखाली, दोन खुंट्यांवर टांगलं. तेव्हापासून मी इथेच आहे. नदीचा वारा दोन्हीकडून लागतो.

काचेची पेटीही आहे अजून. त्यात माझा तो कुजका दीड हात ठेवलाय, आणि शेजारी काकांच्या अक्षरात चिठ्ठी आहे, "हा मी कुजवला. बाहेरून चांगला दिसत होता." लेकीने म्हटलं होतं काढून टाका, पण ते ऐकत नाहीत. दर रविवारी काका वरून येतात, मावशी खालून येतात, आणि मला चाचपताना एकमेकांच्या तेलाला नावं ठेवतात.

मित्रांनो, उद्या पुन्हा स्पर्धा आहे. माझा सांधा आता जुना झालाय आणि उद्या तो टिकेल की नाही, हे आज कुणालाच माहीत नाही. ते हात लावूनच कळेल. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. ज्या वस्तूवर कुणाचा तरी जीव टांगलेला असतो, तिची नुसती काच पुसू नका. दोर असो, शिडी असो, ब्रेक असो, रोज हात लावा, दाबून बघा. मऊ लागलं तर वर सुतळी गुंडाळू नका, मोठ्याने सांगा. लाज वाटेल, पण ती एका दिवसात उतरते. आणि पुलावरून जाताना थोडं थांबा, मला चाचपा. काकांच्या लेकीची ट्राम इथून जाते तेव्हा तीही थांबवते, खिडकीतून हात बाहेर काढून सांध्यावर अंगठा दाबते आणि मगच घंटा वाजवून पुढे जाते.